तुम्ही विचारलंत म्हणून: थीडा बारा

"बाई असून तुम्हाला ही दुसऱ्यांची घरं फोडणारी का आवडते?" मूकपटांत पुरुषांना नादी लावून बरबाद करणारी बाई रंगवणाऱ्या अमेरिकन नटी थीडा बाराबद्दल कुठेही बोलले की हा प्रश्न येतोच, आणि विचारतात बहुतेक बायकाच. एकदाचं सांगून टाकते.

माझं ठरलेलं उत्तर असं: ती बाई खरी नव्हतीच. सिनसिनाटीतल्या शिंप्याची मुलगी थिओडोसिया गुडमन. फॉक्स या चित्रपट कंपनीच्या प्रसिद्धीवाल्यांनी तिला सहारात जन्मलेली, फ्रेंच नटीची लेक करून टाकलं. १९१५ च्या 'अ फूल देअर वॉज'ने ती गाजली, मग चारपाच वर्षं बहुतेक तशाच भूमिका. १९३७ साली न्यू जर्सीतल्या लिटल फेरीला फॉक्सचं गोदाम जळलं, चटकन पेट घेणारी नायट्रेटची रिळंच ती, त्यात तिचे बहुतेक चित्रपट गेले. 'क्लिओपात्रा'चे तर तुकडेच उरलेत. जिचं कामच उरलं नाही, तिच्यावर एवढा राग कशाला?

एका छोट्या हॉलमध्ये 'अ फूल देअर वॉज' दाखवला, तेव्हाही हेच बोलायचं ठरवून गेले होते. बोटीवरचा प्रसंग आला. थीडाने बरबाद केलेला आधीचा प्रियकर पिस्तूल रोखतो. ही हसते, हातातल्या गुलाबाने ते बाजूला सारते आणि तो स्वतःवरच गोळी झाडतो. लोक हसले. मीही हसले. पुढे तिच्या नादी लागलेला दुसऱ्या बाईचा नवरा तिच्याबरोबर मोटारीतून चाललेला असतो, शेजारून बायको-मुलीची मोटार जाते आणि पोर बापाला हाक मारते.

चर्चेत पन्नाशीच्या एक बाई उठल्या. "ताई, आमच्याकडे मोटार नव्हती, एसटी स्टँड होता. बाबा पलीकडच्या फलाटावर, तिच्याबरोबर. मी हाक मारली. त्यांना ऐकू गेली, मान हलली ना त्यांची. पण वळले नाहीत. दोष बाबांचाच, तेवढं कळतं मला. पण ती हसली होती. ते कुणाच्या खात्यावर मांडू?"

मी बोलत सुटले. हे सगळं पुरुषांनी रचलेलं. चित्रकार फिलिप बर्न-जोन्सचं रक्तपिपासू बाईचं चित्र, त्यावर किपलिंगची कविता, त्यावरून नाटक, मग सिनेमा. त्या पर्स मांडीवर घेऊन शांतपणे ऐकत होत्या. "हो, आलं लक्षात," म्हणाल्या. अगदी सभ्यपणे. त्याहून मारलं असतं तर बरं.

विशीत मी लिहिलं होतं की ही बाई म्हणजे समस्त बायकांचा सूड. थीडाही मुलाखतीत तसंच सांगायची: चेहरा रक्तपिपासू, काळीज स्त्रीवादी. (हेही प्रसिद्धीवाल्यांनीच लिहून दिलं असेल तर नवल नाही.) तो लेख मी आजही मागे घेणार नाही. पण सूड कुणावर? नवरा संपतो हे खरं, पोरीचं काय? तेव्हा मला ती पोर दिसलीच नव्हती, आणि आता ती दिसल्याशिवाय चित्रपट बघता येत नाही.

तरी थीडा आवडतेच. बाकीचे नट रंगभूमीवर असल्यासारखे हातवारे करतात; काजळ माखलेल्या डोळ्यांची ही बाई नुसती उभी राहते. तिला घाई नाही. सोशिक बायकोला दिग्दर्शकाने असं एकदा तरी उभं केलं असतं, तर कदाचित मी तिची बाजू घेतली असती. आणि हो, तो नवरा तुम्हाला का आवडतो, असं मला अजून एकाही बाईने विचारलेलं नाही.