विरजण शेजारचं

काल रात्री गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा सोर्स कोडपासून बांधून झाली एकदाची. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर, लॅमिंग्टन रोडच्या त्या जुन्या लॅपटॉपवर. आई विरजण लावत होती, म्हणाली एवढं काय झालं हसायला, तर मी उत्साहात सांगत बसलो की गोचा कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम करून देणारा, गोमधेच लिहिलाय, म्हणून तो बांधायला आधी एक गो लागतोच, तो इथे नव्हता म्हणून लिनक्सच्या मशीनवर बांधून पेनड्राइव्हवरून आणला आणि मग त्याने इथला बांधला. ती म्हणाली, "म्हणजे विरजण शेजारचंच ना रे." आणि गेली झोपायला.

तेव्हापासून डोक्यात किडा.

कारण मला नेमकं तेच नको होतं. शेजारचंच आणायचं तर तयार पॅकेज होतंच की, इतके शनिवार-रविवार कशाला घालवले! गोच्या 1.4 आवृत्तीपर्यंत कंपायलर सी भाषेत होता, 2015 ला 1.5 पासून सगळा गोमधे आला. म्हणजे घरच्या सी कंपायलरने 1.4 बांधायचा, त्याने 1.17, त्याने 1.20, मग 1.22, असं चढत जायचं, बाहेरचं काहीच नाही. पण 1.4 लिबसीला, म्हणजे सिस्टिमच्या सी लायब्ररीला, न विचारता थेट कर्नलशी, सिस्टिमच्या गाभ्याशी, बोलतो, आणि ओपनबीएसडी 2024 च्या 7.5 आवृत्तीपासून नोंद असलेल्या जागेवरून आला नाही तर सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी, चालवतच नाही, प्रोसेस तिथल्या तिथे मारून टाकते. गो स्वतः 1.16 पासून लिबसीतून जायला लागलाय, पण खालची पायरीच नाही तर वर काय चढणार. आणि तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू, असल्या कडकपणासाठीच तर मी ही सिस्टिम वापरतो. ऑफिसात बोललो तर म्हणे डॉकर घे, सगळं तयार डब्यात मिळतं. दादाला तर सांगायचीच सोय नाही, त्याचं वेगळंच चाललंय.

तर म्हणजे माझं काय त्यात? रात्री पडल्या पडल्या हेच. केन थॉम्पसनने 1984 मधे सांगून ठेवलंय की कंपायलरमधे कुणी दगा पेरला तर सोर्स कितीही वाचा, सापडणार नाही, तो एका बायनरीतून, म्हणजे तयार झालेल्या फाइलमधून, पुढच्या बायनरीत गुपचूप उतरत राहतो. आणि हाच माणूस पुढे गो बनवणाऱ्या तिघांतला एक. घ्या.

आज लोकलमधे दरवाज्यापाशी चेंगरून उभा असताना आठवलं की 1.21 पासून गोचा टूलचेन, म्हणजे कंपायलर आणि त्याची अवजारं, कुठल्याही मशीनवर, कुठल्याही जुन्या गोने बांधला तरी बाइट न् बाइट सारखा यायला हवा. घरी आल्या आल्या, चहाही न घेता, लिनक्सवर बांधलेल्याचा आणि इथे बांधलेल्याचा शा-256 हॅश, म्हणजे फाइलचा ठसा, काढून बघितला. सेम. म्हणजे दह्यासारखं नाहीये हे, दह्याला शेजारची चव येते.

पाच मिनिटं बरं वाटलं. मग परत तेच, दोन्ही आले एकाच शेजाऱ्याकडून ना? बरं, घरचा सी कंपायलर म्हणतोय तो तरी कुठला घरचा, ओपनबीएसडी 6.2 पासून तो क्लँग नावाचा कंपायलर आहे, तोही आधीच्या क्लँगने बांधलेला, मी इन्स्टॉल करताना आयताच आला. त्याच्याबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं, गोचंच एवढं लागलं. का ते माहीत आहे थोडंफार, पण ते इथे नको.

असो, रविवारी लिनक्सवर जीसीसी या वेगळ्याच कंपायलरच्या गोपासून सुरुवात करून बघणार आहे, तो अगदी वेगळ्या घरातला. हॅश तोच आला तर आला. नाही आला तर मात्र जेवण जाणार नाही मला.