हाटाच्या दिवशी भेटा

अफू, ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) किंवा ट्रामाडॉल (दुखणं कमी करणारी, पण सवय लावणारी गोळी) सोडणाऱ्याला ज्याने स्वतः ते सोडलंय असा सोबती लागतो. इंदूर शहरात तो मिळू शकतो. देपालपूर, सांवेरकडच्या गावांत मात्र चार जण एका ओसरीवर बसले की संध्याकाळपर्यंत गावभर होतं. आपली शहरातली मराठी घरंही काही वेगळी नाहीत. मुलगा उपचाराला गेला की ‘पुण्याला मावशीकडे आहे’ असंच सांगतात.

म्हणून नशा सोडणाऱ्यांची आणि सोबत्यांची गावाकडची बैठक हाटाच्या दिवशी, हाटाच्याच गावी ठेवा. पिशवी घेऊन निघालेल्याला कोणी कुठे म्हणून विचारत नाही. चार ते आठ माणसं आणि पाऊण तास पुरतो. फलक नको, फोटो नको (सत्कार-उद्घाटनाची हौस असलेल्यांना लांबच ठेवा). व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही नको, कारण फोन अख्ख्या घराचा असतो आणि मेसेज आधी पोरं वाचतात. ठरलेल्या वेळी फोन करा.

नव्या माणसाला पहिला प्रश्न एकच: काय घेत होतास आणि शेवटचं कधी घेतलंस? डॉक्टरांनाही हेच लागतं. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी (नशा सुटताना होणारा त्रास आणि ओढ कमी करणारं औषध) नशा अंगात असतानाच घेतली तर त्रास एकदम उसळतो, आणि ‘गोळीनेच मारलं’ म्हणून माणूस पुन्हा फिरकत नाही. ब्राउन शुगरनंतर साधारण बारा तास तरी जावे लागतात. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात पिळवटणं सुरू झालेलं असावं लागतं. मात्रा डॉक्टरच ठरवतील, सोबत्याने आपल्या डब्यातली गोळी द्यायची नाही. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळू द्यायची, पाच-दहा मिनिटं बोलणं नाही, चहा नाही. गिळली तर फारसा उपयोग होत नाही. जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात कालवून थोडं थोडं पाजत राहा.

‘गोळी म्हणजे दुसरी नशाच’ असं बैठकीत कोणी बोलला तर त्याला तिथेच थांबवा. या एका वाक्याने औषध सुटतं आणि औषध सुटलं की जीव धोक्यात येतो. काही आठवडे नशा बंद ठेवल्यावर शरीराची सवय मोडलेली असते. मग जुनीच मात्रा घेतली तर श्वास थांबू शकतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असली तर जास्तच. म्हणून घसरलेल्या माणसाला बैठकीतून काढायचं नसतं, त्या आठवड्यात त्याला एकटं सोडायचं नसतं.

माणूस हलवूनही उठत नाही, श्वास तुटक, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या तर १०८ लावा. मान मागे करून, नाक दाबून दर पाच सेकंदांनी तोंडाने एक श्वास द्या. स्वतःचा श्वास नीट चालू झाला की कुशीवर वळवा. मिठाचं पाणी, लिंबू, उलटी करवणं यातलं काहीही नको. बेशुद्ध माणसाच्या घशात गेलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. नॅलोक्सोनच्या (नशेचा असर उतरवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनने जाग आली तरी त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, त्यामुळे दवाखान्यात न्यायचंच.

सोबत्याचंही बिघडतं. एकाने तीन-चार जणांपेक्षा जास्त घेऊ नयेत. रोख उसने द्यायचे नाहीत. बसचं तिकीट स्वतः काढून द्यावं. गोळीसाठी सुरुवातीला बहुतेक केंद्रांवर रोज जावं लागतं, म्हणजे भाडं जातं आणि मजुरीही बुडते. गळती इथेच होते. एकाच रस्त्यावरच्या दोघांना एका मोटारसायकलवर बसवणं हे तासभराच्या उपदेशापेक्षा जास्त कामाचं. जुन्या अड्ड्याजवळ कोणाला भेटायचं असेल तर सोबत्यांनीही जोडीनेच जावं.

सोबती मिळेपर्यंत १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत.

मंदसौर-नीमचकडे मजुरीला जाणारा कोणी असेल तर फेब्रुवारी-मार्चच्या आधीच त्याच्याशी बोलून घ्या. तेव्हा अफूच्या बोंडांना चिरा पडतात आणि चीक हाताला लागतो. त्या हंगामात त्याला गहू-हरभऱ्याच्या कापणीचं काम बघून द्यावं, मजुरी थोडी कमी असली तरी.