इंजेक्शन उतरवताना

शनिवार, रात्री

माझ्या मोटारसायकलवरची पेट्रोल इंजेक्शनची यंत्रणा काढून तिच्या जागी जुन्या पद्धतीचा, हवेच्या ओढीवर पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर बसवते आहे. इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा मारणारा भाग), थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), पंप आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) हे सगळे आज पुसून, सुती कापडात गुंडाळून एका खोक्यात ठेवले आणि वर 'चालू स्थितीत' अशी चिठ्ठी चिकटवली. तसे लिहिणे मला गरजेचे वाटले, कारण यातला एकही भाग नादुरुस्त म्हणून काढलेला नाही. गाडी हाताने बांधलेली आहे. इंजिन एका कारखानी गाडीतून आलेले, चेसिस वेगळी, सायलेन्सर आणि एअर फिल्टर मोकळे, कॅमशाफ्टही बदललेला, आणि ईसीयूमधले मॅपिंग, म्हणजे किती पेट्रोल कधी द्यायचे याचे कोष्टक, मात्र मूळ गाडीचेच. इंजिन आता जेवढी हवा ओढते तिचा हिशेब त्या मॅपिंगमध्ये कुठेच नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ईसीयू थोडीफार दुरुस्ती करतो, पण ती मर्यादेतच, आणि तीही मुख्यतः एकसारख्या संथ वेगात. त्यात वायरिंग इतक्या ठिकाणी कापून जोडलेले होते की कंपनांनी एखादा कनेक्टर सैल झाला की गाडी कधी आयडलिंगला वरखाली होई, तर कधी पिकअप घेताना मिसिंग करी.

डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नीट मॅपिंग करून घेणे आणि वायरिंग नव्याने बांधणे हा यावरचा अधिक योग्य उपाय होता, हे मला मान्य आहे. चांगले जुळवलेले इंजेक्शन थंडीत, उंचीवर आणि मायलेजमध्ये कार्ब्युरेटरपेक्षा सरसच ठरते. तरीही मी दुसरी वाट धरली, कारण ही एक गाडी मला रस्त्याच्या कडेला बसून, जवळच्या हत्यारांनी, स्वतःच्या हाताने दुरुस्त करता यायला हवी आहे. कारखान्यातून प्रदूषणविषयक मान्यता घेऊन निघालेल्या गाडीवर असा बदल करणे अनेक देशांत बेकायदेशीर आहे. त्यामुळे आपल्या गाडीची नोंदणी कोणत्या नियमाखाली झाली आहे, हे पाहिल्याशिवाय कोणी पाना हातात घेऊ नये. मी ते आधी पाहून घेतले.

मंगळवार

कार्ब्युरेटर मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे जाणाऱ्या हवेच्या नळीवर) चढवायला एक दुपार पुरली. ठिणगीने मात्र तीन दिवस घेतले. इंजेक्शनची गाडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर फक्त पेट्रोल येते, पण क्रँकच्या सेन्सरवरून पिस्टन कुठे आहे हे ओळखून इग्निशन कॉइलला हुकूम देण्याचे कामही तोच ईसीयू करत असतो. तो काढला की कार्ब्युरेटर कितीही चांगला असला तरी प्लगवर ठिणगी पडतच नाही. म्हणून क्रँकच्या त्याच सेन्सरचे संकेत वाचू शकेल असे स्वतंत्र इग्निशन मॉड्यूल घ्यावे लागले. ते घेताना क्रँकवरच्या चक्राला किती दाते आहेत आणि त्यांतले कोणते मुद्दाम गाळलेले आहेत, हे जुळवून पाहणे सर्वांत महत्त्वाचे ठरले. त्या रिकाम्या जागेवरूनच मॉड्यूलला फेऱ्याची सुरुवात कळते. मग टायमिंग लाइट लावून, आयडलिंगला ठिणगी पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी पडते आणि आरपीएम वाढताना ती आणखी किती आधी पडू लागते, हे खुणांवर तपासले.

एक गोष्ट माझ्या हातून सुटणारच होती. गाडी आडवी पडली तर इंजिन आणि पंप बंद करणारा एक छोटा सेन्सर सीटखाली असतो, आणि तोही ईसीयूलाच जोडलेला असतो. सगळे वायरिंग काढताना तो इतर सेन्सरांबरोबर खोक्यात गेला होता. पडलेल्या गाडीचे मागचे चाक फिरत राहणे किती घातक असते, हे मी एकदा समोर पाहिले आहे, म्हणून आज तो परत काढला आणि रिलेमार्फत इग्निशनच्या पुरवठ्यात जोडला. गाडी हाताने कलती करून तो खरोखर तोडतो, हे दोनदा पाहिले तेव्हाच समाधान झाले.

गुरुवार

टाकी. इंजेक्शनचा पंप पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पाठवतो. कार्ब्युरेटरच्या वाटीतली पातळी राखणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या तुकड्याची) सुई एवढा दाब अडवूच शकत नाही; पंप तसाच ठेवला असता तर पेट्रोल कार्ब्युरेटरमधून ओसंडून गरम इंजिनावर आले असते. आता पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते. टाकीतली पातळी फ्लोटपेक्षा ३० सेंटीमीटर उंच धरली, तरी तेवढ्या पेट्रोलचा दाब ०.०२ बारच्या आसपास भरतो, म्हणजे पंपाच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढ्याशा दाबावर काम चालवायचे तर नळी आखूड आणि उतरती हवी, तिला मध्ये कुठेही चढ नको, आणि टाकीतून पेट्रोल बाहेर पडण्याचे तोंडही मोठ्या भोकाचे हवे.

पंपाची जागा जाड पत्र्याने आणि पेट्रोलला टिकणाऱ्या गॅस्केटने बंद केली. कॉकसाठी टाकीच्या तळाला आटे असलेला तुकडा वेल्ड करावा लागला. ते काम मी स्वतः केले नाही. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते, म्हणून टाकी धुऊन, वाफ पूर्ण घालवून, आत निष्क्रिय वायू सोडून वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच ती दिली.

रविवार

गाडी सुरू झाली. चोक ओढला, दुसऱ्याच प्रयत्नात इंजिनाने पकडले, आणि दोन मिनिटांनी चोक आत ढकलल्यावरही ते चालत राहिले. मी बराच वेळ नुसती शेजारी बसून ऐकत होते.

दुपारी फेरी मारायला निघाले आणि वीसेक मिनिटांनी गाडी रस्त्यातच मंदावून बंद पडली. प्लग ठीक होते, ठिणगी होती, कॉक उघडा होता. फ्लोटच्या वाटीचा स्क्रू सैल केला तर पेट्रोल थेंब थेंब येत होते. मग टाकीचे झाकण उघडले आणि सुस्कारा टाकावा तसा हवा आत शिरल्याचा आवाज आला. कारण तिथेच सापडले. इंजेक्शनच्या वेळी टाकीत हवा यायची ती टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्याला जोडलेल्या नळीतून, आणि डबा काढताना ती नळी मीच बूच मारून बंद केली होती. पेट्रोल कमी होत गेले, त्याच्या जागी हवा आली नाही, आणि टाकीत निर्वाताची ओढ एवढी वाढली की पेट्रोलचे वजन तिच्यापुढे कमी पडले. पंपाच्या दाबापुढे एवढी ओढ कदाचित जाणवलीही नसती. बूच काढून, नळीच्या टोकाला उलटा प्रवाह अडवणारा व्हॉल्व लावला.

बुधवार

गेले तीन दिवस जेटिंग, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकांची (जेटची) जुळवणी, चालू आहे, आणि या सगळ्या कामात माझे मन रमले ते इथे. मुठीवर आणि तिच्या कॉलरवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आहेत, म्हणजे थ्रॉटल पाव, अर्धा की पाऊण उघडला आहे हे चालवताना नजरेला कळते. पावपर्यंत पायलट जेटचा अंमल, तिथून पाऊणपर्यंत नीडलचा (थ्रॉटलबरोबर वरखाली होणाऱ्या सुईचा) आणि पुढे मेन जेटचा. सीमा काटेकोर नसतात, पण गाडी कुठे अडखळते हे खुणेवरून कळले की कोणत्या जेटला हात लावायचा ते ठरवता येते.

मिश्रण ओळखायला एकट्या प्लगच्या रंगावर मी विसंबत नाही, कारण आजच्या शिसेविरहित पेट्रोलात तो रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही. सायलेन्सरच्या पाइपात इंजेक्शनच्या ऑक्सिजन सेन्सरची जागा मोकळी होतीच, तिथे हवा-पेट्रोलचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवला. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण त्याहून रिच (जास्त पेट्रोलचे), १३ च्या आसपास ठेवते आहे.

एक मर्यादा राहणारच आहे. इंजिन ४५ अंशांचे व्ही-ट्विन (इंग्रजी V सारखे दोन सिलिंडर असलेले) आहे आणि दोन्ही सिलिंडर एकाच कार्ब्युरेटरमधून श्वास घेतात. दोन स्फोटांमधले अंतर क्रँकच्या फिरण्यात एकदा ३१५ अंशांचे, एकदा ४०५ अंशांचे, त्यामुळे ओढही एकसारखी पडत नाही आणि पुढचा प्लग मागच्यापेक्षा किंचित पांढरा, म्हणजे पेट्रोल कमी मिळाल्यासारखा, दिसतो. इंजेक्शनमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर होता आणि ज्याला जेवढे लागेल तेवढे तोलून देता येत होते. ती सोय मी सोडून दिली आहे, आणि पुढचा प्लग हातात घेतला की तिची आठवण येते.

आयडलिंग आता स्थिर आहे, पूर्ण थ्रॉटलही चांगला ओढतो. अर्ध्या थ्रॉटलला मात्र सेन्सर मिश्रण लीन (कमी पेट्रोलचे) दाखवतो, आणि मूठ सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट होते. मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत नाही ना, हे आधी तपासले. सांधे घट्ट आहेत. उद्या नीडलच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरची वॉशर घालून ती थोडी वर उचलून पाहायची आहे. झोपण्यापूर्वी पुन्हा खाली जाऊन पेट्रोलचा कॉक बंद केल्याची खात्री करून आले. पंपाच्या गाडीला हे कधी लागत नसे, पण फ्लोटची सुई रात्रीतून अडकली तर टाकीतले पेट्रोल सिलिंडरपर्यंत उतरू शकते.