तुम्ही विचारलंत म्हणून : शर्ट आत की बाहेर?

माप देऊन झालं की बरेच जण दारापर्यंत जातात आणि तिथून वळून विचारतात, "हा इन करायचा ना? की बाहेर ठेवला तरी चालेल?" पहिल्या मुलाखतीला निघालेली मुलं विचारतात. नुकतेच निवृत्त झालेलेही विचारतात, कारण आयुष्यभर इन केलेला शर्ट बाहेर सोडायचा त्यांना धीर होत नाही. हातात टेप आणि कानात पेन्सिल असताना मी एका वाक्यात काहीतरी सांगतो, आणि ते गेल्यावर वाटत राहतं की पुरेसं सांगितलं नाही. म्हणून आज नीट सांगतो.

आधी शर्ट टेबलावर पसरा आणि खालची कड बघा. कड पुढेमागे सरळ असेल आणि बाजूच्या शिवणीला दोन बोटं कट दिलेला असेल, तर तो शर्ट बाहेर सोडण्यासाठी कापलेला आहे. कड गोलाईची असेल, म्हणजे बाजूला वर चढलेली आणि पुढेमागे जिभेसारखी लांब, तर तो आत खोचण्यासाठी आहे. निम्मं उत्तर इथेच मिळतं.

ती लांब जीभ आली कुठून? युरोपात 18व्या शतकापर्यंत शर्ट हे आतलं वस्त्र होतं. त्याची पुढची आणि मागची टोकं मांड्यांमधून घेऊन दाबून बसवत आणि चड्डीचं काम त्यावरच भागत असे. पुढे अंतर्वस्त्रं वेगळी झाली, शर्ट लोकांना दिसू लागला, तरी गोलाई टिकली, कारण तिचा उपयोग संपला नव्हता. बाजूला कापड कमी म्हणून ते कमरेपाशी गोळा होत नाही, आणि पुढेमागे जास्त म्हणून वाकलं तरी लगेच निसटत नाही. टेनिसपटू रने लाकोस्त 1926 मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धेत बनियनसारख्या ताणणाऱ्या विणीच्या कापडाचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून उतरला. त्या धर्तीच्या टी-शर्टांना आजही कधी कधी पुढच्यापेक्षा मागची बाजू लांब दिसते, तीही खेळताना शर्ट आत राहावा म्हणूनच.

एक बारीक गोष्ट बघून ठेवा. अनेक चांगल्या शर्टांत सगळी काजं उभी असतात आणि सर्वांत खालचं तेवढं आडवं. बसल्यावर सीटचा, म्हणजे नितंबांच्या घेराचा, ताण तिथे आडवा येतो. आडव्या काजात बटण जरासं सरकतं, पण सुटत नाही. शिवणाऱ्याने इतका विचार केलेला असतो.

आता "बाहेर म्हणजे गबाळं" हा समज. मला तो अजिबात मान्य नाही. ग्वायाबेरा नावाचा सरळ कडेचा, चार खिशांचा शर्ट असतो, तो बाहेरच घालतात. क्युबाने 2010 मध्ये सरकारी समारंभांसाठी तोच औपचारिक पोशाख ठरवला. गबाळेपण येतं ते लांबीमुळे. बाहेर सोडायच्या शर्टाची कड पँटच्या चेनच्या साधारण मध्यावर संपावी, मागून बघितलं तर मागच्या खिशाचा अर्धा भाग दिसावा. त्याहून खाली गेला तर पाय आखूड दिसतात, आणि उंची कमी असलेल्या माणसाला तर तो अंगावर चढवलेल्या पिशवीसारखा दिसतो. पट्ट्यापर्यंतच पोहोचला तर हात वर करताच पोट उघडं पडतं.

पण ज्या प्रश्नावर मला जास्त बोलायचंय तो दुसराच आहे. "माझा शर्ट सारखा बाहेर येतो, माझी कंबरच तशी आहे." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून, इतक्या ओशाळल्या चेहऱ्याने ऐकलंय की मला त्याचा त्रास होतो. कुणी पोटाला दोष देतो, कुणी सपाट सीटला. बहुतेक वेळा दोष कापडाच्या कापणीत असतो.

हे मी स्वतः चुकून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका शिक्षकांचे दोन शर्ट शिवले होते. माप घेताना ते ताठ उभे, हात खाली. शर्ट असा बसला की दोघेही खूश. आठवड्याने परत आले आणि काही न बोलता त्यांनी उजवा हात वर नेला, फळ्यावर लिहितात तसा. उजव्या बाजूचा शर्ट सरसर वर आला आणि पट्ट्याबाहेर पडला. हात खाली घेतला तरी तो आत गेला नाही, पट्ट्यावर फुगून राहिला. "दिवसातून तीस वेळा खोचतो," ते म्हणाले. "मुलांकडे पाठ करून." मी दोन्ही शर्ट ठेवून घेतले, पण उपाय सापडेना, कारण चूक मी समजत होतो तिथे, म्हणजे खाली लांबीत, नव्हतीच. ती वर काखेत होती.

काखेचा गोल खोल कापला की बाही आणि शर्टाचं अंग एकमेकांना खूप खाली जोडलं जातं. मग हात उचलला की बाही अख्खं अंग बरोबर घेऊन वर जाते. काखेचा गोल वर, शरीराजवळ ठेवला तर हात उचलल्यावर फक्त बाही हलते, अंग जागेवर राहतं. दिसायला उलट वाटतं, कारण सैल काख म्हणजे मोकळेपणा असं आपण धरून चालतो. त्यात गोल कडेचा शर्ट सर्वांत आखूड असतो तो नेमका बाजूच्या शिवणीवर, म्हणून निसटायला सुरुवात तिथूनच होते. कापून झालेली काख पुन्हा वर नेता येत नाही. त्या शिक्षकांना मी दोन्ही शर्ट नव्याने कापून दिले.

त्यामुळे तयार शर्ट घेताना आरशासमोर नुसते उभे राहू नका. तो इन करा, दोन्ही हात डोक्यावर न्या, खुर्चीवर बसा, उठा, बुटाची लेस बांधल्यासारखे वाका. एवढं करून शर्ट आत राहिला तर दिवसभर राहील. पट्ट्याखाली निदान सहा-सात इंच कापड हवं. पँट कमरेवर किती उंच बसते तेही तितकंच महत्त्वाचं. जो शर्ट उंच पँटमध्ये छान राहतो, तोच नितंबांवर अडकणाऱ्या पँटमधून तासाभरात बाहेर येतो, कारण आत जायला त्याला जागाच उरत नाही. शर्ट बदलून बदलून थकलेल्या कितीतरी जणांचं काम मी पँट बदलायला सांगून केलंय.

आता खोचायचं कसं. घाईत आपण पँट घालून, पट्टा लावून मग शर्ट बोटांनी कोंबतो. तिथेच बिघडतं. पँटचं बटण आणि चेन उघडी ठेवा, शर्टाची सगळी बटणं लावा, मग पुढून-मागून शर्ट खाली ओढून तळहाताने सपाट करा आणि त्यानंतर पँट बंद करा. बटणपट्टीची कड, बकलाची कड आणि चेनवरच्या पट्टीची कड एका रेषेत आणा. सैन्यात गणवेश तपासताना ही रेषा बघतात. ती जमली की साधा शर्टही नीटनेटका दिसतो.

घेर जास्त असेल तर बाजूची शिवण दोन्ही हातांच्या चिमटीत धरा. अंगाला लागेपर्यंत जादा कापड बाहेर ओढा, त्याची एक चुणी करून पाठीकडे वळवा, अंगठ्याने दाबून धरा आणि तशीच आत सरकवा. ही सैनिकांची पद्धत. पोटासमोर कापड सपाट राहतं, जाडी पाठीमागे जाते. दोन-तीन तासांनी चुणी सैल होते, म्हणून रोजच्या शर्टाला हे करत बसण्यापेक्षा पाठीला दोन टक्स, म्हणजे जादा कापड आत घेणाऱ्या उभ्या शिवणी, घालून घ्या. छोटं काम आहे, आणि शर्ट पुढे वर्षानुवर्षं नीट बसतो.

आणि पट्टा आवळू नका. शर्ट धरून ठेवणं हे पट्ट्याचं काम नाही. पोट दुखेल, शर्ट तरीही निसटेल. कापड फार गुळगुळीत असेल तर आत सुती बनियन घाला, तो शर्टाला धरून राहतो. काही पँटच्या कमरपट्टीत आतून रबराची बारीक पट्टी शिवलेली असते, तीही याच कामाची. गणवेशवाले तर शर्टाची टोकं मोज्यांना जोडणारे इलॅस्टिकचे पट्टे वापरतात. शर्ट अंतर्वस्त्राच्या इलॅस्टिकमध्ये खोचू नका, वाकलं की ते इलॅस्टिक शर्टाबरोबर वर येतं.

फक्त पुढचा भाग खोचायचा आणि मागचा सोडायचा, याबद्दल तरुण मुलंमुली विचारतात. पातळ, मऊ, सैल कापडाला छान दिसतं. कडक कॉलरच्या, इस्त्रीच्या शर्टाला करू नका, तो अर्धवट निसटलाय असंच वाटतं.

पोट सुटलंय म्हणून शर्ट कायम बाहेरच ठेवणाऱ्यांना एवढंच सांगेन, एकदा बाजूने फोटो काढून बघा. पोटाच्या सर्वांत पुढच्या भागावरून कापड सरळ खाली लटकतं आणि तिथून खाली सगळंच तेवढं रुंद दिसतं. नीट मापाची पँट आणि नीट इन केलेला शर्ट त्यापेक्षा हलका दिसतो. बाहेरच आवडत असेल तर जरूर ठेवा. फक्त तो तसा कापून घ्या, लपण्यासाठी मोठा घेऊ नका.

चाकाच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या एका ताईंचं माप मी खुर्चीतच घेतो. उभ्या मापाचा शर्ट त्यांच्या मांडीवर गोळा होत असे आणि पाठ मात्र उघडी राहत असे. आता पुढची लांबी चांगली तीन इंच कमी आणि मागची तेवढीच जास्त ठेवतो, कड सरळ. इन करायची त्यांना गरजच पडत नाही.

घरात गोलाईचा लांब शर्ट पडून असेल आणि तुम्हाला तो बाहेर घालायचा असेल, तर कड सरळ कापून, अर्धा इंच दुमडून, नवी टीप मारता येते. आखूड शर्ट मात्र लांब करता येत नाही, दुमडीत तेवढं कापड नसतं. म्हणून कापायच्या आधी एकदा घालून दाखवा, आणि येताना ज्या पँटवर तो घालणार आहात तीच पँट घालून या.