तालात न बसणारी ओळ

९ मे २०२५, शुक्रवार. रात्रीचे साडेअकरा.

काल टीव्हीवर सगळ्या वाहिन्या सीमेवरचे सायरन वाजवत होत्या, आणि पपा, माझे सासरे, सोफ्याच्या कोपऱ्यात माझा फोन नाकाशी धरून, नवा पोप निवडला जातो त्या सिस्टाइन चॅपेलच्या धुराड्याकडे टक लावून बसले होते. एरवी तेर्स, म्हणजे रोजची जपमाळ, संपला की नऊला झोपणारा माणूस. साडेनवानंतर निवड झाल्याचा पांढरा धूर निघाला, तरी उठले नाहीत. अकराच्या सुमारास पडदा हलला. लिओ चौदावे. जन्म शिकागोचा, आयुष्याची बरीच वर्षं पेरूत काढलेली, पंथ आगुस्तिन.

पपांनी नाव नंतर ऐकलं, आधी कपडे पाहिले. “मोझेत घालून आयला, पळे गो बाय!” खांद्यावरची ती तांबडी आखूड झूल. २०१३ साली आधीचे पोप फ्रान्सिस नुसत्या पांढऱ्या झग्यात सज्जात आले होते, ते माझ्या सासऱ्यांनी बारा वर्षं मनात धरून ठेवलं होतं. आणि मग आगुस्तिन! जुन्या गोव्यात तो अर्धा उभा मनोरा आहे ना, तो त्यांचाच. १५७२ साली आले, १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने सगळे पंथ बंद केले तेव्हा गेले, आणि १८४२ मध्ये ओस पडलेल्या इगर्जीचं, म्हणजे चर्चचं, छत कोसळलं. “धांवडायले ते, आतां पाप सायब जावन आयले,” हाकलले होते ते, आता पोप होऊन आले, असं म्हणून पपा इतके खूश झाले, जणू मनोऱ्याची चावी त्यांच्याच खिशात होती.

पपा ७७ वर्षांचे. वय वर्षं आठपासून आल्तारीवर, वेदीपाशी, पाद्रीला साथ देणारे. पाद्री ‘इन्त्रोइबो आद आल्तारे देइ’ म्हणायचा आणि हा पोरगा घडाघडा उत्तर द्यायचा, ‘आद देउम क्वि लेतिफिकात युवेन्तुतेम मेआम’. अर्थ ठाऊक नव्हता. चुकलं तर चिमटा बसायचा. माझ्या तारुण्याला आनंद देणाऱ्या देवाकडे जाईन, असा त्याचा अर्थ आहे हे त्यांना लग्नानंतर कळलं, आणि तोवर ती लॅटिन मिस्साच, चर्चमधली ती जुनी उपासनाच, गेली होती. चर्चमध्ये बदल घडवणारी दुसरी व्हॅटिकन परिषद १९६५ ला संपली, पाच वर्षांत नवी मिस्सा आली, पाद्री लोकांकडे तोंड करून कोंकणीत बोलू लागला. पपा म्हणतात, घर तेच, पण कुणीतरी सगळं सामान हलवलं.

माझं उलटं आहे. मी वसईची. मराठी मिस्सेत वाढले, मराठी गायनात माझं पहिलं कम्युनियन झालं. इथे गोव्यात शाळेत मराठी शिकवते म्हटलं की लोक दोनदा बघतात: ख्रिस्ती, आणि मराठी? त्यांना मी फादर स्टीफन्सची आठवण करून देते. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. आल्तारीवर लॅटिन होतं तेव्हाही लोकांना कळायला ओवी लागलीच होती. त्यामुळे लॅटिन हीच देवाची भाषा असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जी मिस्सा पपांकडून गेली, तिच्याच जागी माझी आली. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही. त्यांना कळत नसेल असंही नाही.

पण २०२१ चा जुलै आठवतो. फ्रान्सिसच्या आधीचे पोप बेनेडिक्ट, त्यांनी २००७ मध्ये जुन्या मिस्सेला दार उघडून दिलं होतं, फ्रान्सिसनी ते लोटून घेतलं. बिशपची परवानगी, पॅरिश चर्चमध्ये नको, नव्या पाद्र्यांना तर रोमलाही विचारायला हवं. फर्मानाचं नाव काय, तर ‘परंपरेचे राखणदार’. पपा हसले होते, वाईट हसले होते. ती मिस्सा शोधत ते कधी कुठे गेलेले नाहीत, तरी त्यांना ते लागलं. मलाही लागलं. घटस्फोटितांना, समलिंगी जोडप्यांना, दारात उभ्या असलेल्या प्रत्येकाला जवळ घेणारा माणूस, यात मी मनापासून त्यांच्या बाजूची आहे. मग या थोड्या म्हाताऱ्यांसाठी आणि गुडघे टेकणाऱ्या काही तरुण पोरांसाठी माया कुठे आटली? ऐक्य मोडतंय म्हणून, असं कारण दिलं होतं. असेल. परिषदच नाकारणारे होतेच त्यात. पण काहींच्या वागण्याची किंमत सगळ्यांनी मोजली.

त्यातलाच एक पपांचा भाचा, परदेशी असतो. त्याचे व्हिडिओ यायचे: पीटरचं आसन रिकामं आहे, हा पाप सायब खरा नव्हेच. डिसेंबर २०२३ मध्ये समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देता येईल असं रोमचं पत्रक निघालं तेव्हा तर दिवसाला चार. पपा एक बघायचे, मग माझ्याकडून सगळे पुसून घ्यायचे. स्वतः मात्र जेवताना तासभर त्याच पत्रकावर तणतणायचे. मी एकदा विचारलं, मग भाचा काय चुकीचं बोलतो? म्हणाले, बापाशी भांडण झालं तर माणूस जेवणावरून उठतो, आडनाव बदलत नाही.

रोमशी भांडण गोव्याला तसं नवं नाही. १८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरींनी पोर्तुगालच्या पाद्रुआदोचा, म्हणजे चर्चवरच्या राजाच्या पालकत्वाचा, हिंदुस्थानातला हक्क कापला तेव्हा गोव्याच्या पाद्र्यांनी सरळ मान हलवून नाही म्हटलं होतं. रोमने त्यांना फुटीर ठरवलं. मुंबई-वसईकडे एकाच गावात दोन गट, दोन धनी. १८८६ च्या करारापर्यंत ते धुमसत राहिलं. आज इगर्जीत कुणाला विचारा तुमचे पणजोबा कुठल्या बाजूचे होते, कुणाला सांगता येणार नाही.

असो. आज खुरसाकडे, वाड्यावरच्या क्रुसाकडे, लादाइन्य होतं, म्हणजे मारियेची लितानी, एकेका नावाने हाक मारत गायची प्रार्थना, ते लिहायचंच राहतंय.

मे महिन्यात आमच्या वाड्यावर खुरीस रंगवतात, अबोलीचे हार, पताका. खुरसाच्या शोधाचा जुना सण ३ मे चा. तो १९६० मध्येच रोमच्या पंचांगातून निघाला. वाड्याला कुणी कळवलं नाही, किंवा कळवलं आणि वाड्याने ऐकलं नाही. रेबेक, म्हणजे व्हायोलिन, घेऊन शेजारचा म्हातारा, पहिला आवाज पपांचा, दुसरा पोदेराचा, पाववाल्याचा. सगळं लॅटिनमध्ये. पंचवीस माणसं, एकालाही लॅटिन येत नाही, आणि ‘ओरा प्रो नोबिस’, आमच्यासाठी विनंती कर, हे कुठे उचलायचं हे चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक. यासाठी कुणी परवानगी मागितली नाही, कुणी नाकारलीही नाही.

फ्रान्सिसनी २०२० मध्ये मारियेच्या या लितानीत तीन नव्या ओळी घातल्या. त्यातली एक ‘सोलासिउम मिग्रांतिउम’, परदेशी निघालेल्यांचा दिलासा. माझा नवरा बोटीवर आहे, सात महिने झाले. मी स्वतः वसईहून इथे आलेली. ती ओळ माझी आहे. आमच्या वाड्यावर ती म्हणत नाहीत. मी दरवर्षी आपली पुटपुटते. आज पपांनी ऐकलं. घरी येताना म्हणाले, “ती ओळ तालांत बसना.” मी वाट पाहिली, पुढे फ्रान्सिसवर काहीतरी येईल म्हणून. काही आलं नाही. आक्षेप खरोखरच तालाचा होता.

शेवटी पाप सायबाच्या हेतूंसाठी प्रार्थना. गेले सतरा दिवस मिस्सेत ते नाव घ्यायची जागा मोकळी होती. आज पपांच्या तोंडून आधी ‘फ्रान्सिस’च आलं. बारा वर्षं रोज रात्री तणतणून झाल्यावर तेच नाव घेतलं, जीभ तरी काय करील. रेबेकवाला खोकला, पपांनी ‘लिओ’ म्हणून दुरुस्त केलं. शिरगावच्या जत्रेतल्या चेंगराचेंगरीत जीव गेलेल्यांसाठीही एक ‘आमचो बापा’ ही प्रार्थना झाली. मग उकडलेले चणे, आणि पुरुषांसाठी फेणी. शुक्रवार म्हणून पपांनी शेजारणीचे चोरीस-पाव, डुकराच्या मांसाचे, परत पाठवले. शुक्रवारी मांस न खाण्याची ती सक्ती उठून वर्षं लोटली, आमच्या घराला अजून लागू आहे.

आता दहाला त्यांनी खोलीत बोलावलं. जुनं लॅटिन प्रार्थनेचं पुस्तक, पाठीमागच्या कोऱ्या पानावर त्यांच्या हयातीतले पोप, एकाखाली एक: पायस बारावे, जॉन तेविसावे, पॉल सहावे, जॉन पॉल पहिले, जॉन पॉल दुसरे, बेनेडिक्ट सोळावे, फ्रान्सिस. सगळ्या नावांचं अक्षर सारखंच नेटकं, फ्रान्सिसचंही. हल्ली हात कापतो म्हणून पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, लिओ चौदावे, ८-५-२०२५.

चष्मा वर करून त्यांनी पाहिलं. “व्हडलें बरयलें गो,” म्हणाले. मोठं लिहिलंस गं. “सकयल जागो दवर.” खाली जागा ठेव.