तुम्ही विचारलंत म्हणून: खरी मालिका कुठली?

इंदूरचा म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक हमखास विचारतात, "तुम्ही होळकरांच्या गावचे, ऐतिहासिक मालिकांत सगळ्यात खरी कुठली?" पाठोपाठ, "आणि राजवाडा बरोबर दाखवला होता का?"

राजवाड्याचं आधी उरकतो. तो 1801 मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्यानं जाळला. आज दिसतो तो नंतर उभा राहिलेला, आणि 1984 मध्ये पुन्हा आगीत सापडलेला. अहिल्याबाईंचा कारभार तर महेश्वरहून चाले. तेव्हा राजवाड्यावरून मालिकेची परीक्षा घेऊ नका.

एके काळी मी तेच करायचो. पगडी होळकरी की पुणेरी, लुगडं कुठल्या काळातलं, सगळं वहीत टिपायचो. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, पगडी बरोबर निघाली असती तर मिटलं असतं का रे सगळं?

1988 ची 'भारत एक खोज' मला अजून आवडते. तिथे ओम पुरी दुर्योधनही व्हायचे आणि औरंगजेबही, त्यामुळे आपल्याला कुणीतरी गोष्ट सांगतंय हे विसरायला व्हायचं नाही. 2021 मध्ये सोनीवर आलेली 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' दुसऱ्या वाटेची. मल्हाररावांनी सुनेला घडवलं हे खरंच. पण 1765 च्या पत्रात ते तिला काय लिहितात? चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा, चार-पाच दिवस मुक्काम करा, मोठा तोफखाना जवळ ठेवा, दारूगोळ्याची तजवीज करा. सरदाराला हुकूम सोडावा तसं. पडद्यावरचे मल्हारराव असं बोलू लागले तर पार्श्वसंगीत वाजवायचं कुठे?

मात्र मी या विषयावर चिडतो त्याचं कारण वेगळं आहे.

मालिका जोरात होती तेव्हा अहिल्योत्सवात आमच्या कॉलनीनं मला बोलायला लावलं. मी 1791 घेतलं. जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती निघाल्या. नवरा, सासरे, मुलगा, सगळे आधीच गेलेले. उरलेल्या या एका लेकीला बाईंनी परोपरीनं विनवलं. ती ऐकेना. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी लिहितो की बाई चितेपाशी उभ्या राहिल्या, दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. ज्वाळा उठल्या तसा धीर सुटला. हात सुटेनात, तेव्हा बाई आपल्याच हातांना चावू लागल्या. पुढे तीन दिवस त्यांच्या तोंडून शब्द नाही, हेही मला सांगायचं होतं. पण चावण्यापर्यंत आलो तोच पहिल्या रांगेतले एक काका उठले. "पुरे. आमच्या देवीबद्दल असलं ऐकायला आलो नाही आम्ही." माईक बंद झाला. कुणीतरी "वेळेअभावी" म्हणालं आणि आरती सुरू झाली.

प्रसाद घेताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "सिरियलमध्ये तर सासऱ्यांनी सती जाऊ दिलं नाही."

"ते 1754 मधलं, काकू. कुंभेरीच्या वेढ्यात बाईंचे यजमान खंडेराव पडले तेव्हाचं. मी मुलीचं सांगत होतो."

"तेच म्हणते मी. जी स्वतः मागे राहिली, तिची मुलगी कशी जाईल?"

मला उत्तर आलं नाही. अजूनही येत नाही.

काकांचा राग अजून आहेच. पण खरं सांगायचं तर माल्कम माळव्याचा कारभार बघायला लागला तो 1818 मध्ये, म्हणजे ऐकीव गोष्टच तो इंग्रजी वाचकांपुढे ठेवत होता. हा मुद्दा काकांनी काढला असता तर माझीच पंचाईत झाली असती. त्यांनी तो काढला नाही. त्यांना हतबल देवी नको होती, एवढंच.

तेव्हापासून मी मालिकेत एवढंच बघतो, की माणसाचं काही चालत नाही तिथे ती किती वेळ थांबते. 1772 मध्ये थेऊरला माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, ते आपण किती हळवे होऊन सांगतो! त्या गोष्टीत कुणी स्वतःचे हात चावत नाही.

तरी हा निकाल म्हणून पुढे पाठवू नका. आमच्या गल्लीतल्या पोरी अंगणात लाकडी तलवारी घेऊन अहिल्या-अहिल्या खेळल्या ते मालिकेमुळे, माल्कममुळे नव्हे, आणि ते मला आवडलं होतं. फक्त काकूंच्या प्रश्नावर कुणी मालिका काढली तर कळवा. पगडी कुठलीही चालेल.