‘ॲस्टॉनिश’ आणि पहिला पाऊस

सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण हाती पडले तेव्हा पत्नीने विचारले, “शाळेतले सगळ्यात जास्त काय आठवते?” माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, तोही इंग्रजी: ‘ॲस्टॉनिश’.

आठवीत, जूनअखेर शाळा उघडल्यावर, इंग्रजीच्या सरांनी पहिल्या पावसावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. नागपूरचा मे सोसलेल्या मुलांना या विषयावर शब्द शोधावे लागत नाहीत. मी झोकात लिहिले, ‘आय ॲम ॲस्टॉनिशिंग’. सरांनी त्यावर लाल रेघ मारली नाही. एरवी प्रमाण मराठीत बोलणारे सर थट्टा मात्र अस्सल नागपुरीत करत. बाहेर ढग वाजत होते, मला खिडकीशी नेऊन त्यांनी विचारले, “काऊन रे, गडगडून कोण राहिलं? तू का आभाळ?”

वर्ग हसून थांबल्यावर त्यांनी फळ्यावर लॅटिनमधला ‘टोनारे’, म्हणजे गडगडणे, हा शब्द लिहिला आणि त्याच्या शेजारी संस्कृतातला मेघगर्जनेचा ‘स्तनयित्नु’. दोन्ही एकाच मुळाचे, आणि ‘ॲस्टॉनिश’ हा जुन्या फ्रेंचमार्गे त्या ‘टोनारे’तूनच आलेला. म्हणून सुन्न करते ते ‘ॲस्टॉनिशिंग’ आणि सुन्न होतो तो ‘ॲस्टॉनिश्ड’. एवढे कळल्यावर कोणता प्रत्यय कुठे, हे मला पुन्हा कधी पाठ करावे लागले नाही. ‘सरप्राइज’ सौम्य वाटला तरी मूळचा लढाईतला, बेसावध शत्रूला गाठण्याचा, म्हणजे आपला छापाच, हेही त्याच तासाला कळले.

पुढे मी अनुवादक झालो, तो त्या एका तासामुळे, असे मी आजही मानतो. (गणिताच्या बाईंनी क्षमा करावी.) मागे एका कार्यालयाच्या परिपत्रकात ‘सरप्राइज इन्स्पेक्शन’चे ‘आश्चर्यकारक तपासणी’ झालेले पाहिले, तेव्हा सरांचा छापा आठवला आणि मी तेथे ‘अचानक तपासणी’ असे लिहिले. ‘टू माय सरप्राइज’चे ‘माझ्या आश्चर्याला’ करणारे भेटतात, त्यांनाही मी ‘मला नवल वाटले’ एवढेच लिहायला सांगतो.

गेल्या पावसाळ्यात शाळेत जाऊन आलो. आमच्या वर्गाच्या जागी नवी इमारत उभी आहे, खिडक्यांना बंद काचा आहेत आणि आत छान गारवा असतो. मी उभा होतो तेव्हा बाहेर वीज लखलखली, पण आत गडगडाट आला नाही.